वेदनामुक्तीच्या ठेकेदारांस

प्रति,
डॉ. रिचर्ड सॅकलर,
माजी अध्यक्ष, पर्ड्यू फार्मा, अमेरिका.
(मार्फत: आपले वकील)

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण वयाने मोठे, शिक्षणाने डॉक्टर आणि घराणं दानशूर, म्हणून साष्टांग. पत्र लिहिण्यास कारण की, नोव्हेंबर २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने आपल्या कंपनीचा ७४० कोटी डॉलरचा तोडगा मंजूर केला आणि आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं. त्यातले साडेसहाशे ते सातशे कोटी आपलं कुटुंब देणार आहे, तेही पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी. आमच्याकडे पीककर्जाचा हप्ता थकला की बँकेचा माणूस थेट दारात येऊन उभा राहतो, म्हणून या सवलतीचं अप्रूप वाटलं. २००८ ते २०१७ या काळात आपल्या कुटुंबाने कंपनीतून एक हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर काढली होती. त्यातली निम्मी करात गेली असं आपलं म्हणणं. उरलेल्या निम्म्यावरचं व्याज किती हप्त्यांना पुरेल, हा हिशेब आमच्यासारख्या पगारदारांना झेपणारा नाही.

याआधीच्या तोडग्यात आपण आणखी एक गोष्ट मागितली होती: कुटुंबातल्या कुणावरही पुन्हा दावा लावता येऊ नये. दिवाळं कंपनीचं, अभय मालकांना. जून २०२४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते नाकारलं. चार न्यायमूर्तींना तो तोडगा मान्य होता, हीदेखील आपली मिळकतच म्हणायची.

पण मला मुळापासून लिहू द्या. आमच्या मराठी वाचकांना आपली ओळख नीटशी नाही. दाऊद ठाऊक आहे, पाब्लो एस्कोबार सिरियलमधून ठाऊक झाला. नशेचा धंदा म्हणजे बंदुका, बोटी, रात्रीचे व्यवहार एवढीच त्यांची समजूत. ऑडिट केलेला ताळेबंद, दाराशी डॉक्टरांची पाटी आणि संग्रहालयाच्या भिंतीवर घराण्याचं नाव असतानाही तो करता येतो, हे आपण दाखवून दिलंत.

१९९६ साली आपल्या कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली, तेव्हाच्या समारंभातलं आपलं भाषण आता कोर्टाच्या कागदांत आहे. या गोळीमागोमाग चिठ्ठ्यांचं असं हिमवादळ येईल की स्पर्धक त्यात गाडले जातील, असं आपण म्हणालात. ते दाट, खोल आणि पांढरंशुभ्र असेल, असंही. औषध कंपनीच्या मालकाने आजार कमी होईल असं म्हणायची पद्धत असते, आपण चिठ्ठ्या वाढतील म्हणालात. आणि शब्द पाळलात. २०१२ साली अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या गोतावळ्यातल्या वेदनाशामकांच्या, साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. दर शंभर माणसांमागे ८१. त्या सगळ्या आपल्या गोळीच्या नव्हत्या, हे मान्य. पण डॉक्टरांचा हात मोकळा सोडायला शिकवलं ते आपण.

कसं शिकवलंत, तेही थोडं सविस्तर सांगायला हवं. डॉक्टर मंडळी अफूजन्य औषधांना पिढ्यान् पिढ्या बिचकून होती. मॉर्फिन द्यायचं ते कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात, नाहीतर मोठ्या ऑपरेशननंतर. पाठदुखीला, गुडघेदुखीला ते लिहायला हात धजत नसे. ही भीती घालवायला शास्त्राचा आधार हवा होता, तो आपल्याला जानेवारी १९८०च्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सापडला. संशोधन कसलं, संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र ते. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अशी औषधं दिली, त्यांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, एवढाच त्याचा मजकूर. घरी गेल्यावर महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांचं काय होतं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तरी आपले प्रतिनिधी डॉक्टरांपुढे बसून सांगत राहिले की व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी. पुढे २०१७ साली त्याच नियतकालिकात कुणीतरी मोजदाद केली, तेव्हा ते पाच वाक्यांचं पत्र सहाशेहून अधिक ठिकाणी आधार म्हणून दिलेलं निघालं, आणि बहुतेकांनी ते व्यसन लागत नाही याचा पुरावा म्हणूनच वापरलेलं. आमच्याकडे पीएच.डी.चे प्रबंध कसे लिहिले जातात हे ठाऊक असल्यामुळे मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

दुसरा आधार सरकारचा. गोळीतलं औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे तिचा दुरुपयोग कमी होईल असं मानलं जातं, हे वाक्य गोळीच्या अधिकृत माहितीपत्रकात आलं. कोण मानतं, कशावरून मानतं, ते लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या ज्या अधिकाऱ्याच्या हाताखालून ही मंजुरी गेली, ते पुढे काही वर्षांत आपल्याच कंपनीत नोकरीला लागले. योगायोग हो. आमच्याकडेही निवृत्त अधिकाऱ्यांचे असे योगायोग घडतात.

मग निघाली आपली एमआर मंडळी. दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बॅग मांडीवर घेऊन ताटकळणारा, डॉक्टरांच्या मुलाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा आमचा एमआर वेगळा. आपल्या माणसांकडे टोप्या होत्या, मऊ खेळणी होती, गाण्यांच्या सीडी होत्या, सगळ्यांवर ऑक्सिकॉन्टिनचं नाव. आणि फुकट कूपनं होती: सात ते तीस दिवसांच्या गोळ्या मोफत. २००१पर्यंत अशी सुमारे ३४,००० कूपनं वटली. पहिली पुडी फुकट द्यायची ही रीत गल्लीत गर्द विकणाऱ्यांनाही माहीत असते, फक्त ते ती छापून देत नाहीत. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स मिळून पाच हजारांहून अधिक जणांना आपण फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियाच्या रिसॉर्टांत नेऊन वेदनेवर व्याख्यानं ऐकवलीत. २००१ साली आपल्या विक्री प्रतिनिधीचा सरासरी पगार ५५,००० डॉलर होता आणि सरासरी बोनस ७१,५०० डॉलर. पगारापेक्षा बोनस मोठा असला की माणूस किती मनापासून बोलतो! पहिल्या वर्षी साडेचार-पाच कोटी डॉलरची विक्री २००० साली शंभर कोटींच्या वर गेली.

गोळी बारा तास पुरते, हा आपला मुख्य बाणा. दिवसातून दोनदा घ्या, रात्रभर निवांत झोपा. पुष्कळांना ती आठ-दहा तासांतच सोडून जाई. मग दुखणं परते, आणि त्याच्या जोडीला अंगाला कंप, घाम, मळमळ, जीव नकोसा करणारी घालमेल. यावर रुग्णाने लवकर पुढची गोळी घ्यावी हा साधा उपाय, पण मग बारा तासांचा बाणा गेला असता. म्हणून सल्ला असा, की वेळ बदलू नका, मात्रा वाढवा. दहाची वीस, विसाची चाळीस, चाळिसाची ऐंशी मिलिग्रॅम. काही काळ १६०चीही होती. आणि रुग्ण जास्त गोळ्या मागू लागला, घड्याळाकडे बघत बसू लागला, तर ते व्यसन नव्हे, ते ‘छद्मव्यसन’: बिचाऱ्याचं दुखणं नीट हाताळलं गेलेलं नाही, आणखी द्या. ही कल्पना १९८९ साली ज्यांनी मांडली त्यांपैकी एक डॉक्टर नंतर आपल्याच पगारावर आले. उपाय आणि अपाय एकाच बाटलीतून विकायचं हे कसब पाहून आमच्याकडचे भोंदूबाबाही कानाला हात लावतील.

आपल्या गोळीने कोळसाखाणींच्या भागाची काय दशा केली, ते आपल्याला कळवणारा एक माणूस होता. व्हर्जिनिया राज्याच्या अगदी टोकाला ली परगण्यात आर्ट व्हॅन झी नावाचे डॉक्टर साधा दवाखाना चालवत. खाणकाम करून पाठी मोडलेली माणसं, गिरण्या आणि खाणी बंद पडलेल्या, आणि घरोघरी आपली गोळी. पोरांनी तोवर युक्ती शोधली होती. गोळी तोंडात ओली करायची, वरचं रंगीत आवरण बाहीला पुसायचं, आतली चुरायची आणि नाकात ओढायची किंवा पाण्यात विरघळवून टोचायची. बारा तासांचं औषध एका दमात. गोळी चुरू नका, एकदम सगळं औषध अंगात जाईल, असा इशारा आपणच माहितीपत्रकात छापला होता, त्यामुळे युक्ती शोधायला फार डोकं लागलं नसावं. शर्टाच्या बाहीवर हिरवा-नारिंगी डाग दिसला की ओळखायचं. ज्या पोरांना व्हॅन झींनी तान्हेपणी लस टोचली होती, तीच पोरं आता त्यांच्याकडे ओव्हरडोस होऊन येत होती. त्यांनी आपल्या कंपनीला पत्रं लिहिली, सरकारला लिहिलं, गोळी बाजारातून मागे घ्या म्हणून सह्या गोळा केल्या.

त्याच सुमाराला, २००१ साली, आपण एका ईमेलमध्ये धोरण सांगितलंत. गोळीचा दुरुपयोग करणाऱ्यांवर सर्व बाजूंनी हातोडा चालवा, तेच दोषी आहेत, तेच बेदरकार गुन्हेगार आहेत, अशा अर्थाचं. डॉक्टरसाहेब, चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण आम्ही लहानपणी शिकलो होतो, पण तिचं इतकं नेमकं उदाहरण कुणी दिलं नव्हतं.

ओव्हरडोसने माणूस कसा मरतो हे आपण डॉक्टर असल्यामुळे जाणता. वाचकांसाठी सांगतो. यात तडफड नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घे म्हणून मेंदूच्या तळाचं केंद्र सांगतं, ते सांगणंच औषध बंद पाडतं. श्वास मिनिटाला बाराचा आठ होतो, मग चार. ओठ आणि नखं निळी पडतात. घशातून घरघर येते, आणि बाजूच्या खोलीतल्या आईला वाटतं, पोरगा गाढ झोपलाय, घोरतोय, नको उठवायला. नाकात नालॉक्सोनचा फवारा मारला तर काही मिनिटांत माणूस परत येतो. पण त्यासाठी तो घोरत नाहीये, हे कुणाला तरी कळावं लागतं.

२००७ साली आपल्या कंपनीने गुन्हा कबूल केला. व्यसनाच्या धोक्याबद्दल डॉक्टरांची दिशाभूल केली, म्हणून कंपनी आणि तिचे तीन मोठे अधिकारी मिळून सुमारे ६३ कोटी डॉलर दंड. तिघांपैकी कुणी एक रात्रही तुरुंगात काढली नाही आणि आपल्या कुटुंबातल्या कुणाचं नाव आरोपपत्रात नव्हतं. कंपनीने विक्री सुरूच ठेवली. २०२०मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले, पुन्हा कुटुंब बाहेर. कंपनी नावाची ही कायदेशीर व्यक्ती फार सोशीक दिसते. कबुली ती देते, दंड ती भरते, शेवटी दिवाळंही तिचंच निघतं.

मधल्या काळात, २०१०मध्ये, आपण चुरता न येणारी गोळी काढलीत. चौदा वर्षांनी सुचलं, पण सुचलं. तोवर ज्यांचं अंग गोळीशिवाय उठत नव्हतं ते हेरॉइनकडे वळले, कारण ते स्वस्त पडत होतं. हेरॉइननंतर फेंटानिल आलं, मॉर्फिनच्या कितीतरी पटींनी जहाल, चिमूटभरात माणूस संपवणारं. आगीतून फुफाट्यात. १९९९ ते २०२३ या काळात अमेरिकेत ओपिऑइडच्या ओव्हरडोसने सुमारे आठ लाख माणसं गेली. २०२२ या एका वर्षात ८० हजारांहून जास्त. २०२४पासून आकडा बराच उतरला आहे, ही चांगली बातमी. त्यात नालॉक्सोनचा मोठा वाटा आहे असं जाणकार मानतात. हे सगळे आठ लाख मी आपल्या खात्यावर मांडत नाही. फेंटानिलचे टोळीवाले आहेत, गोळ्यांचे ट्रकच्या ट्रक डोळे मिटून पोचवणारे वितरक आहेत, पैसे घेऊन चिठ्ठ्या फाडणारे डॉक्टर आहेत. पण दार उघडून दिलं कुणी, हे अमेरिकेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यापुढचा भाग मी दोनदा वाचून खात्री केली, कारण आधी विनोद वाटला होता. २०१७ साली मॅकिन्सी या बड्या सल्लागार कंपनीने आपल्या कंपनीला एक योजना सुचवली. ऑक्सिकॉन्टिन घेऊन ज्या ग्राहकांना ओव्हरडोस होईल किंवा व्यसन लागेल, त्यांच्यामागे औषध खपवणाऱ्या कंपन्यांना सूट द्यावी. दर प्रकरणी १४,८१० डॉलर असा एक आकडाही काढून दिला होता. योजना अमलात आली नाही. पण बघा, ओव्हरडोस झालेल्या किंवा व्यसन लागलेल्या माणसाची किंमत वितरकाला १४,८१० डॉलर. आणि नव्या तोडग्यात ज्याला व्यसन लागलं त्याला, किंवा तो हयात नसेल तर घरच्यांना, काय मिळणार? साधारण ८ हजार किंवा १६ हजार डॉलर, तेही गोळी डॉक्टरनेच लिहून दिली होती हे कागदानिशी सिद्ध केलं तर. वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी, गेलेल्या मुलाच्या नावाची. आमच्या सरकारी कचेऱ्यांत मृत माणसाला हयातीचा दाखला मागतात म्हणून आम्ही हसतो.

आणि २०१८च्या जानेवारीत ओपिऑइडच्या व्यसनावरील उपचारासाठी एका नव्या प्रकारच्या औषधाचं पेटंट मंजूर झालं, त्याच्या शोधकर्त्यांच्या यादीत आपलं नाव आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं असं आम्ही म्हणतो. पेटंट घेऊन कुणी खाल्लं असेल, असं आमच्या पूर्वजांच्या मनातही आलं नव्हतं.

दानाबद्दल लिहिलं नाही तर आपल्यावर अन्याय होईल. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं, पंखा सुरू झाला की ते दिसत नाही. आपली नावं न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात, पॅरिसच्या लूव्रमध्ये, लंडनमध्ये, विद्यापीठांत, अशी ठळक की पुसायला गवंडी लागावा. मेटमधला सॅकलर नावाचा विभाग या गोळीच्या कितीतरी आधीचा, हे खरं. तरीही छायाचित्रकार नॅन गोल्डिन, ज्या स्वतः आपल्या गोळीच्या व्यसनातून बाहेर आल्या, मार्च २०१८मध्ये तिथे शिरल्या आणि आतल्या कुंडाच्या पाण्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्या फेकून जमिनीवर आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या साथीदारांनी गुगनहाइम संग्रहालयाच्या वरच्या मजल्यांवरून खोट्या चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला. आपण १९९६मध्ये सांगितलेलं हिमवादळ त्यांनी शब्दशः आणलं. लूव्रने २०१९मध्ये नाव झाकलं, मेटने २०२१मध्ये उतरवलं. नव्या तोडग्यानुसार देणगीच्या बदल्यात आपलं नाव कुठे लावूनही घेता येणार नाही. ज्या न्यायालयांनी आपल्याला एक दिवस कोठडी दाखवली नाही, त्यांनी आपल्या पाट्यांवर तरी बंदी घातली.

ऑगस्ट २०२१मध्ये कोर्टात आपल्याला विचारलं गेलं: या संकटाची काही जबाबदारी आपल्यावर आहे? नाही. आपल्या कुटुंबावर? नाही. कंपनीवर? नाही. कंपनी तोवर दोनदा गुन्हा कबूल करून बसली होती, तरी नाही. त्याआधी संसदेच्या समितीपुढे आपल्या नात्यातल्या कॅथी सॅकलर म्हणाल्या होत्या की मागे वळून पाहता वेगळं काही करता आलं असतं असं त्यांना सापडत नाही. मार्च २०२२मध्ये मुलं गमावलेले आईबाप व्हिडिओवरच्या सुनावणीत आपल्याशी बोलले. मुलाला गमावल्याच्या वेळचा आपत्कालीन फोनचा आवाज ऐकवला गेला. आपण त्या दिवशी हजर होता, पण फक्त आवाजावर. चेहरा दिसला नाही.

डॉक्टरसाहेब, आता आमचं गाऱ्हाणं. अफूजन्य औषध स्वभावतः विष नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फूटपाथवर बिऱ्हाड मांडलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना विचारा. हाडात पसरलेल्या कॅन्सरला क्रोसिन लागू पडत नाही, मॉर्फिन लागतं, आणि तोंडावाटे घ्यायची मॉर्फिनची गोळी फार महाग नसते. आमच्याच मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला परवान्याने अफू पिकते, गाझीपूरला सरकारचा अफूचा कारखाना आहे. तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचा असा गुंता झाला की तालुक्याच्या गावी मॉर्फिन ठेवायची हिंमत औषधवाल्याला होईना. २०१४मध्ये कायदा सैल केला, केरळच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. पण आजही गावचा डॉक्टर बिचकतो, आणि बिचकायला त्याच्यापाशी आता भक्कम कारण आहे: आपण. अमेरिकेत काय झालं ते बघा, असं म्हटलं की बैठक संपते. तिकडे दाढ काढलेल्याला महिनाभराच्या गोळ्या, इकडे मरणाऱ्याला पॅरासिटामॉल. ही दोन्ही टोकं आपल्या एकाच खोट्याला जोडलेली आहेत.

कळावे, लोभ नसावा.

ता. क. धंद्याची काळजी नसावी, परंपरा आमच्याकडेही रुजली आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये बीबीसीने मुंबईच्या एका औषध कंपनीच्या संचालकाचं छुप्या कॅमेऱ्याने चित्रण दाखवलं. टॅपेंटाडॉल हे जहाल ओपिऑइड आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल अशी, जगात कुठेही मंजुरी नसलेली, जोडगोळी ही कंपनी बनवत होती आणि ती घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर पोरांच्या हाती पडत होती. घानातल्या तमाले शहरात गावकऱ्यांनीच दल करून त्या गोळ्या पकडायला सुरुवात केली होती. बातमी आल्यावर पालघरच्या कारखान्यावर छापा पडला, माल जप्त झाला, त्या मिश्रणाच्या निर्यातीवर बंदी आली. कॅमेरा चालू आहे हे ठाऊक नसताना तो संचालक म्हणाला होता की ही गोळी तब्येतीला फार घातक आहे, पण हल्ली हा धंदा आहे. तो आपल्याएवढा शिकलेला नाही, दानशूर नाही, त्याच्या नावाचं संग्रहालय नाही. पण आपल्याला तीस वर्षांत एकदाही जमलं नाही ते त्याने एका वाक्यात केलं: तो खरं बोलला.